परक्या विद्यापीठातील पहिले वर्ष : प्रस्तावना

परदेशी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार आपल्याकडे बहुधा प्रवेश, व्हिसा आणि कर्ज या तीन गोष्टींपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. विमानतळावर निरोप दिला की घरच्यांची, महाविद्यालयाची आणि सल्लागार संस्थेची जबाबदारी उरकली, असे सर्वांनी मनोमन मान्य केलेले असते. विद्यार्थ्याची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेली नसते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक होती. त्यांत मोठ्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या मुलांबरोबर आता तालुक्याच्या गावांतून, मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून शिकून गेलेली, घरातली पहिली पदवीधर असलेली मुलेही आहेत. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या गटासाठी आणि त्याहूनही अधिक त्यांना इथे शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी आहे. विद्यापीठीय जीवनाशी जुळवून घेणे आणि तेथील अभ्यासाची इंग्रजी अंगवळणी पाडणे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत आणि त्यांची तयारी निघण्यापूर्वी, गावाकडच्या महाविद्यालयातच आणि बऱ्याच अंशी मराठीतूनच व्हायला हवी, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

कडेगावचा परिसर या विषयासाठी निवडण्यास कारण आहे. कराड-विटा रस्त्यावरचा, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात मोडणारा हा तालुका टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येईपर्यंत पावसाच्या भरवशावर होता आणि ज्या घरांना शेती पुरत नव्हती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाहेरची वाट धरली. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कडेगाव या तालुक्यांतील गलाईवाले, म्हणजे जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करून देणारे व्यावसायिक, देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचले ते याच गरजेतून. या स्थलांतराचा एक विशेष इथे महत्त्वाचा आहे. गावातला मुलगा भाषा न कळणाऱ्या दूरच्या शहरात सहसा एकटा जात नसे. तिथे आधी गेलेला भाऊबंद किंवा गाववाला त्याला दुकानात ठेवून घेई, मूस, भट्टी आणि तेजाब यांच्याबरोबरच गिऱ्हाइकाशी कसे बोलावे आणि उधारी कुणाला द्यावी हेही शिकवी, आणि तो मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहिला की पुढच्याला सांभाळण्याची पाळी त्याच्यावर येई. तिथली भाषा मुलगा कामातूनच उचलत असे. आज त्याच घरांतला मुलगा किंवा मुलगी लीड्स, म्युनिक किंवा मेलबर्नला शिकायला जाते तेव्हा ही साखळी मागे नसते, कारण तिथे आधी पोहोचलेला गाववाला क्वचितच असतो आणि असला तरी तो दुसऱ्या विषयाचा, दुसऱ्या शहरातला असतो. भट्टीवर जे आपोआप शिकायला मिळत होते ते विद्यापीठात कोणी तरी जाणीवपूर्वक शिकवावे लागते.

या तालुक्याचा इंग्रजीशी आणखी एक संबंध आहे. सोनसळ येथे जन्मलेल्या पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये पुण्यात भारती विद्यापीठाची स्थापना केली तेव्हा शाळकरी मुलांच्या मनातील इंग्रजी आणि गणिताची धास्ती जावी म्हणून या दोन विषयांच्या स्वतंत्र परीक्षा घेण्यापासून संस्थेच्या कामाला सुरुवात झाली. ग्रामीण विद्यार्थ्याचे घोडे कुठे अडते याचे ते अचूक निदान होते. १९९६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या या संस्थेत पुढे परदेशी विद्यार्थीही येऊ लागले. पुण्यात ही परंपरा तशी जुनीच. मूळचे गडहिंग्लजचे शां. ब. मुजुमदार यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करताना परदेशी विद्यार्थ्यांची होणारी आबाळ पाहिली आणि त्यातून १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली, तर पुढच्याच वर्षी तिथे इंग्रजी शिकवणारी स्वतंत्र संस्थाही सुरू झाली. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतील सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे होते. काबूलहून किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या शहरातून पुण्याला आलेल्या विद्यार्थ्याला मराठी वळणाच्या इंग्रजीतले व्याख्यान, परीक्षेच्या तोंडावर फिरणाऱ्या नोट्स आणि कार्यालयातील खिडक्यांची उतरंड जितकी अनाकलनीय वाटते, तितकेच कडेगावच्या विद्यार्थ्याला ब्रिटिश विद्यापीठातले चर्चासत्र अनाकलनीय वाटते. यजमान आणि पाहुणा या दोन्ही भूमिका ज्या समाजाने अनुभवल्या आहेत त्याला हा विषय इतरांपेक्षा लवकर कळायला हरकत नसावी. अर्थात पुण्यात यजमान म्हणून आपण या परीक्षेत नेहमीच उत्तीर्ण झालो आहोत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता मूळ संज्ञेकडे वळता येईल. ‘अकॅडेमिक इंग्रजी’ म्हणजे व्याख्यान ऐकणे, संदर्भग्रंथ वाचणे, चर्चेत मत मांडणे आणि निबंध किंवा प्रबंध लिहिणे यांसाठी विद्यापीठात वापरली जाणारी इंग्रजी. बाजारात, बसमध्ये किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चालणाऱ्या इंग्रजीहून ती वेगळी आहे. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा भेद स्पष्ट केला आणि स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून असे दाखवले की रोजच्या संभाषणाची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण शिकण्यासाठी लागणाऱ्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असतो, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे गांभीर्य कळते. शब्दसंग्रहापुरते पाहिले तर काम आवाक्यातले आहे. न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तयार केलेल्या यादीतील ५७० शब्दकुले विद्यापीठीय लेखनातील जवळजवळ एक दशांश मजकूर व्यापतात, आणि मेहनती विद्यार्थ्याला तेवढे शब्द एका वर्षात सहज पाठ होतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जात असल्याने आजच्या पिढीजवळ शब्दांची तितकी वानवाही नाही. आयईएलटीएस या परीक्षेत साडेसहा किंवा सात गुण मिळवून जाणारे विद्यार्थीही पहिल्या सत्रात गांगरून जातात, त्याचे कारण शब्दांपलीकडे शोधावे लागते.

ते कारण विद्यापीठाच्या रिवाजांत आहे. आपल्याकडे पदवी परीक्षेचा प्रश्न म्हणजे अमुक संकल्पना स्पष्ट करा, तमुक कारणे लिहा. उत्तर मुद्द्यांत, उपशीर्षके अधोरेखित करून आणि शक्य तितके पुस्तकातल्या भाषेत लिहिले की गुण मिळतात. ‘गाईड’ आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ यांवर पोसलेल्या या पद्धतीत पाठांतर हा गुण आहे आणि ते करणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे ठरेल. ब्रिटिश विद्यापीठात मात्र त्याच विद्यार्थ्याला तीन हजार शब्दांचा निबंध लिहायला सांगतात, त्याचा प्रश्न मुद्दामच वादग्रस्त असतो आणि अपेक्षित उत्तर असे काही नसते. तिथल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला १८० श्रेयांक लागतात आणि एका श्रेयांकासाठी दहा तासांचे श्रम गृहीत धरलेले असतात. म्हणजे १,८०० तासांच्या कामातले वर्गातले तास थोडेच आणि उरलेले सारे विद्यार्थ्याने स्वतः वाचण्या-लिहिण्याचे. वेळापत्रकात आठवड्याला आठ-दहा तासच दिसल्यावर विद्यार्थ्याला सुरुवातीला हायसे वाटते, आणि पहिला निबंध परत येईपर्यंत ते समाधान टिकते. मग गुणांचा धक्का बसतो. तिथे पदव्युत्तर स्तरावर पन्नासला उत्तीर्ण आणि सत्तरला विशेष प्रावीण्य अशी सर्वसाधारण रीत असल्याने, बारावीला पंच्याऐंशी टक्के मिळवलेल्या मुलीच्या हाती अठ्ठावन्न गुण पडतात आणि आपण नापासाच्या उंबरठ्यावर आहोत अशी तिची समजूत होते. वास्तविक ते गुण चांगले असतात. एवढी एक गोष्ट कडेगावात असतानाच सांगितली गेली असती तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

दुसरा रिवाज उसनवारीचा. दुसऱ्याचे वाक्य किंवा विचार घेतला तर त्याचे नाव, ग्रंथ आणि पृष्ठ सांगायचे, न सांगता घेतले तर ते वाङ्मयचौर्य, आणि त्याची शिक्षा शून्य गुणांपासून काढून टाकण्यापर्यंत काहीही असू शकते. निबंध संगणकीय प्रणालीतून तपासला जातो आणि कोणता मजकूर कुठे जुळतो हे तिथे रंगवून दाखवले जाते. पंधरा वर्षे जसेच्या तसे उतरवल्याबद्दल शाबासकी मिळवलेल्या विद्यार्थ्यावर सोळाव्या वर्षी त्याच गोष्टीसाठी चौकशी समिती बसते. यात त्याच्या प्रामाणिकपणापेक्षा दोन शिक्षणपद्धतींमधील न सांगितलेले अंतर अधिक जबाबदार असते. तिसरा रिवाज विधानाला घालायच्या मर्यादांचा. नवशिका विद्यार्थी ‘यावरून सिद्ध होते’ असे ठासून लिहितो, तर मुरलेला संशोधक ‘उपलब्ध पुराव्यावरून असे दिसते’ असे लिहून विधान पुराव्याच्या मापाचे ठेवतो. नवख्याला हा भित्रेपणा वाटतो. पुरावा जेवढा तेवढेच बोलण्याची ती शिस्त आहे, हे कोणी उलगडून दाखवेपर्यंत त्याला कळत नाही.

हे रिवाज परके आहेत हा समज मात्र तितकासा खरा नाही आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. भारतीय शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडायचे, त्याला पूर्वपक्ष म्हणायचे, मग त्याचे खंडन करून सिद्धान्त सांगायचा, ही रीत शतकानुशतके चालत आलेली आहे. विद्यापीठीय निबंधातील पूर्वसंशोधनाचा आढावा हा या पूर्वपक्षाचाच जवळचा नातलग होय. याचे सर्वांत चांगले उदाहरण सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला लांब शोधावे लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव सातारच्या सरकारी शाळेत दाखल झाले आणि ज्यांच्या त्या शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, ते भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयी जो निबंध वाचला, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून समोर ठेवतात, प्रत्येकीत काय सुटले आहे किंवा काय जास्तीचे आले आहे ते दाखवतात, ज्याचे जेवढे श्रेय तेवढे त्याला देतात आणि मगच गटांतर्गत विवाह हे जातीचे मर्म होय हे आपले म्हणणे मांडतात. शेवटी, हे मत टिकत नाही असे कोणी दाखवून दिल्यास ते सोडून देण्याची तयारीही नोंदवतात. पूर्वपक्ष, श्रेयनिर्देश, मर्यादित विधान असे वर सांगितलेले सारे रिवाज त्या एका निबंधात हजर आहेत. विशेष म्हणजे त्या चौघांतील श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक झालेले विद्वान, हेही अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले मराठी विद्यार्थीच होते आणि त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अवघ्या पंचविशीतल्या एका मराठी विद्यार्थ्याने दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या छापील ग्रंथाशी इंग्रजीतून, नाव घेऊन आणि आदर राखून मतभेद मांडला. अकॅडेमिक लेखनाचा पाठ म्हणून हा निबंध पदवीच्या वर्गात का वाचला जात नाही, हे एक कोडेच आहे.

राहणीमानाच्या अडचणींची चर्चा पुष्कळ झालेली असल्याने इथे ती आवश्यक तेवढीच केली आहे. परक्या संस्कृतीत गेल्यावर येणाऱ्या मानसिक गोंधळाला ‘सांस्कृतिक धक्का’ म्हणतात आणि ही संकल्पना मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांच्या १९६० मधील लेखामुळे रूढ झाली. त्याआधी १९५५ मध्ये स्वेर लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या शिष्यवृत्तीधारकांच्या अभ्यासावरून असे सुचवले होते की सुरुवातीच्या उत्साहानंतर मन खचते आणि पुढे सावरते. हा आलेख पुस्तकांतून फार लोकप्रिय झाला असला तरी पुढील संशोधनाने त्यावर शंका घेतली आहे. अनेकांच्या बाबतीत सर्वांत कठीण काळ अगदी पहिल्या आठवड्यांचाच असतो असे आढळले. मराठी विद्यार्थ्यांचा इतिहासही तेच सुचवतो. आंबेडकरांना हार्टली हॉल या वसतिगृहातले जेवण न मानवल्याने थोड्याच दिवसांत मुक्काम हलवावा लागला आणि काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात ते गेले. त्यापूर्वी तीस वर्षे, १८८३ मध्ये, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेल्या आनंदीबाई जोशी यांना न्यूजर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाने घरच्यासारखे सांभाळले, महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी पाठबळ दिले आणि १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता, म्हणजे परक्या विद्यापीठात त्यांनी घरची शिदोरी वापरली. इतके असूनही तिथली थंडी आणि ढासळती प्रकृती यांनी त्यांना गाठले आणि परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आधार देणारी माणसे भेटणे हा तेव्हा नशिबाचा भाग होता. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. ही मंडळे गणपतीला आणि दिवाळीला घरपण देतात, पण निबंधावरचा प्राध्यापकांचा शेरा समजावून सांगणे हे त्यांचे काम नाही.

ते काम करण्यासाठी विद्यापीठाकडे यंत्रणा असते आणि आपला विद्यार्थी ती वापरत नाही, ही या पुस्तकातील सर्वांत व्यावहारिक बाब आहे. प्राध्यापक आठवड्यातील ठरावीक तास भेटीसाठी राखून ठेवतात. आपल्याकडे सरांच्या खोलीत बोलावणे आले तर काही तरी चुकले असणार असा अर्थ होतो, त्यामुळे ते तास रिकामे जातात. लेखनसाहाय्य केंद्रात निबंधाचा कच्चा मसुदा दाखवता येतो, पण तिथे जाणे म्हणजे आपण कच्चे आहोत हे जाहीर करणे, असे वाटते. समुपदेशकाकडे जाण्याची तर आणखी लाज. ई-मेलचेच पाहा. ‘आदरणीय सर’ने आरंभ करून, दोन परिच्छेद क्षेमकुशल आणि क्षमायाचना करून, शेवटच्या ओळीत मुदतवाढ मागणारे पत्र आपल्याकडे शिष्टाचाराचे मानले जाते; तिथल्या प्राध्यापकाला नावाने संबोधून पहिल्याच वाक्यात कारण आणि मागणी सांगणारे चार ओळींचे पत्र हवे असते आणि तेच तिथे सभ्य समजले जाते. वयाने वडील माणसाला नावाने हाक मारणे जिभेवर यायला वेळ लागतो, आणि तो लागला तरी काही बिघडत नाही.

सल्लागार संस्थांविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. प्रवेश अर्जासोबत विद्यार्थ्याने आपण हा विषय का निवडला आणि पुढे काय करणार हे सांगणारे निवेदन जोडायचे असते, ज्याला मुले ‘एसओपी’ म्हणतात. अनेक ठिकाणी हे निवेदन पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतले जाते. विद्यार्थ्याच्या विद्यापीठीय लेखनाचा श्रीगणेशाच उसन्या मजकुराने होतो आणि स्वतःविषयी दोन पाने इंग्रजीत लिहिण्याची मिळालेली उत्तम संधी वाया जाते. याउलट राजू केंद्रे यांच्या ‘एकलव्य’सारखे उपक्रम पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना अर्ज आणि निवेदन स्वतः लिहायला शिकवतात, आधी गेलेल्यांशी जोडून देतात, गलाईवाल्यांची जुनी साखळी इथे नव्या रूपात उभी राहते आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना जगातील अग्रगण्य विद्यापीठांत पाठवते. शुल्क आणि निर्वाह यांची तिने सोय केली आहे. निघण्यापूर्वी काही आठवड्यांच्या लेखनवर्गाची जोड तिला द्यावी, ही मागणी रास्त ठरेल.

यजमान विद्यापीठांवरही जबाबदारी आहे. परदेशी विद्यार्थ्यांकडून स्थानिकांच्या कितीतरी पट शुल्क घेणाऱ्या संस्थांनी अभ्यासक्रमापूर्वीचे भाषावर्ग वेगळे पैसे घेऊन चालवावेत आणि मुख्य वर्गातल्या प्राध्यापकांनी मात्र आपले रिवाज सर्वांना ठाऊकच आहेत असे धरून चालावे, हे समर्थनीय नाही. अकॅडेमिक इंग्रजी लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाचीही मातृभाषा नसते, त्यालाही ती शिकावी लागते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियर बूर्दियू यांनी आपल्या समाजातील विद्यार्थ्यांविषयी हेच दाखवून दिले होते आणि सुशिक्षित घरांतील मुले त्या भाषेच्या अधिक जवळ असतात, एवढाच फरक सांगितला होता. कडेगावच्या मुलीचे अंतर मोठे आहे ते ती मराठी बोलते म्हणून कमी आणि तिच्या घरात निबंध लिहिणारे आधी कोणी झाले नाही म्हणून अधिक.

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत यासाठी नवा विभाग किंवा मोठा निधी लागणार नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याने आपल्या गावाविषयी, टेंभूच्या पाण्याविषयी, गलाईच्या धंद्याविषयी किंवा कडेगावच्या मोहरमविषयी एक हजार शब्दांचा निबंध आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिहावा, किमान पाच संदर्भ नावानिशी द्यावेत, एका विरोधी मताला उत्तर द्यावे आणि प्राध्यापकांनी तो लाल शेऱ्यांसह परत करून पुन्हा लिहून घ्यावा, एवढे पुरे आहे. प्राध्यापकांनी हे पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात न ठेवता येत्या जूनपासून वर्गात वापरावे आणि आपल्याकडून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचे पत्ते महाविद्यालयात जपून ठेवावेत, ही विनंती.